हक्क कायद्यात, अट नियमात : कल्याणकारी कायद्यांचे नियम सभागृहापुढे कसे तपासून घ्यायचे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात सरकारी लाभ अडकला की आपली पहिली धाव ग्रामपंचायतीच्या पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे) असते, दुसरी तहसीलदार कचेरीत आणि तिसरी एखाद्या पुढाऱ्याच्या घरी. कर्मचाऱ्याने काम मुद्दाम अडवले असेल तर हा रस्ता बरोबर आहे. पण कित्येकदा टेबलापलीकडचा कारकून खरेच बोलत असतो : "माझ्या हातात काही नाही, नियमच तसा आहे." अशा वेळी त्याच्याशी हुज्जत घालून काही निष्पन्न होत नाही, कारण तक्रार त्याच्याविरुद्ध नसतेच. ती नियमाविरुद्ध असते. आणि नियम तपासण्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत, तसेच कर्नाटक विधिमंडळात, स्वतंत्र समित्या बसवलेल्या आहेत. त्यांच्यापर्यंत कागद कसा न्यायचा, हे इथे पायरीपायरीने मांडले आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. कायदा सभागृह मंजूर करते, पण त्यात सगळे तपशील नसतात. "विहित करण्यात येईल त्याप्रमाणे", "राज्य शासन ठरवील अशा रीतीने" असे शब्द जागोजागी पेरलेले असतात. त्या मोकळ्या जागा भरण्याचा अधिकार मंत्र्याच्या खात्याला मिळतो. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचे उदाहरण घ्या. मुलांकडून आईवडिलांना निर्वाह भत्ता मिळावा हे कायदा सांगतो. पण जास्तीत जास्त किती, हे राज्याच्या नियमांवर सोडतो आणि वरून महिना १०,००० रुपयांचे झाकण घालतो. अर्ज कसा करायचा, सुनावणी कशी चालवायची, हेही नियमांतच. असे अधिकार खात्याला देणे गैर नाही. फॉर्मचा नमुना ठरवण्यासाठी सभागृह भरवणे कोणालाच परवडणार नाही. अडचण होते ती फॉर्मच्या नमुन्याआडून नवी अट आत शिरते तेव्हा. कायद्यावर सभागृहात चर्चा झालेली असते, वर्तमानपत्रात मथळे आलेले असतात. नियम मात्र राजपत्रात छापून येतो आणि तो वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात.

अडवणारी गोष्ट नेमकी काय आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. कायदा, कायद्याखालचा नियम आणि नुसता सरकारी आदेश या तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. चुकीच्या रस्त्याला लागलात तर वर्षभराने "हे आमच्या कक्षेत येत नाही" एवढे एक ओळीचे उत्तर हाती पडते.

खानापूर तालुक्यातल्या जंगलकाठच्या गावांचा प्रश्न घ्या. वनहक्क कायदा २००६ नुसार जे आदिवासी नाहीत, पण परंपरेने जंगलावर जगतात, त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. ही अट कितीही जाचक वाटली तरी ती मूळ कायद्यातच लिहिलेली आहे. नियम तपासणारी समिती तिला हात लावू शकत नाही; त्यासाठी संसदेने कायदाच बदलावा लागेल. पण तो वास सिद्ध कसा करायचा, कोणते पुरावे चालतात, हा भाग २००८ च्या नियमांत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात एक फार उपयोगी वाक्य आले : उपग्रह छायाचित्रे इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येतील, त्यांच्या जागी नव्हे. तेव्हा "उपग्रहाच्या फोटोत तुमची शेती दिसत नाही, दावा फेटाळला" असे कोणी एवढ्याच कारणावर सांगत असेल, तर नियम तुमच्या बाजूचा आहे आणि चूक अधिकाऱ्याची आहे. नियम नेहमी माणसाच्या विरुद्धच असतो असे नाही, म्हणून तो पूर्ण वाचायचा.

दुसरे उदाहरण रेशनचे. बीपीएल कार्डासाठी वार्षिक उत्पन्नाची १ लाख २० हजार रुपयांची मर्यादा आपल्याकडे सर्वांना तोंडपाठ आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ उघडून पाहा, ही रक्कम त्यात कुठेही सापडणार नाही. कायदा एवढेच म्हणतो की प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळेल. प्राधान्य कुटुंब कोणते, हे ठरवण्याचे काम कलम १० ने राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांवर सोपवले. म्हणजे कार्ड रद्द होते ते राज्याच्या निकषांमुळे. आणि याच कायद्याचे कलम ४० म्हणते की राज्याने केलेला प्रत्येक नियम, अधिसूचना आणि मार्गदर्शक तत्त्वे राज्य विधिमंडळाच्या सभागृहांपुढे ठेवली पाहिजेत. हे कलम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरा प्रकार नुसत्या आदेशाचा. कर्नाटकात कुटुंबप्रमुख महिलेला मिळणारे गृहलक्ष्मीचे महिना २,००० रुपये ही सरकारी आदेशावर चालणारी योजना आहे, तिच्यामागे विधिमंडळाने केलेला स्वतंत्र कायदा नाही. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, तीही शासन निर्णयाने. मूळ कायदाच नसेल तर "नियम कायद्याबाहेर गेला" असे म्हणायला जागाच उरत नाही. अशा योजनेची तक्रार याचिका समिती, आमदाराचा प्रश्न किंवा खात्याचे वरिष्ठ यांच्याकडे न्यावी.

कागद हातात आला की त्याचा मथळा बघा. कन्नड कागदावर "अधिसूचने" असेल तर ती अधिसूचना, म्हणजे बहुधा कायद्याखालची. "सुत्तोले" असेल तर परिपत्रक. "कर्नाटक सरकारद नडावळिगळु" अशी सुरुवात असेल तर तो सरकारी आदेश. मथळ्यावरून खात्री पटत नसेल तर कचेरीत एकच प्रश्न विचारा : कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेच्या कागदाने? उत्तर तोंडी घेऊ नका. अर्ज नामंजूर केल्याचे पत्र मागा आणि त्यावर हा संदर्भ लिहून घ्या.

मूळ मजकूर मिळवा

व्हॉट्सअॅपवर फिरणारा फोटो किंवा बातमीचे कात्रण यांवर विसंबून तक्रार लिहू नका. केंद्राचे नियम भारताच्या राजपत्रात येतात आणि ई-गॅझेटच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. कायद्याखालचे नियम बहुतेक भाग दोन, खंड तीन, उपखंड एकमध्ये असतात; हिंदी मजकुरात त्यांच्या क्रमांकाआधी "सा.का.नि." असे लिहिलेले असते. सांविधिक आदेश आणि अधिसूचना उपखंड दोनमध्ये, "का.आ." या अक्षरांनी. क्रमांकानंतरच्या कंसातले "अ" म्हणजे असाधारण अंक. इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर कायदा आणि त्याखालचे नियम एकाच ठिकाणी मिळतात, पण ताजी दुरुस्ती तिथे चढलेली असेलच असे धरून चालू नका. राज्याचे नियम कर्नाटक राजपत्रात. शिवाय राज्याच्या संसदीय व्यवहार आणि कायदे खात्याच्या संकेतस्थळावर कर्नाटकाचे कायदे आणि नियम ठेवलेले असतात.

दुरुस्तीची अधिसूचना मिळाली तर तिच्या तळाची टीप आधी वाचा. मूळ नियम कधी, कोणत्या क्रमांकाने प्रसिद्ध झाले आणि शेवटची दुरुस्ती कोणती, हे तिथे दिलेले असते. त्या एका टिपेवरून मागची सगळी साखळी जुळवता येते.

भाषेचा प्रश्न इथे येतोच. राज्याचे नियम कन्नडमध्ये, केंद्राचे हिंदी-इंग्रजीत. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ च्या केंद्राच्या ज्ञापनापासून चालत आलेल्या संरक्षक तरतुदी सांगतात की ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा अधिक आहेत, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही द्याव्यात. खानापूर, बेळगाव, निपाणी तालुक्यांत मराठीचे प्रमाण याहून कितीतरी जास्त आहे. हे धोरण आहे, कायद्याचे कलम नव्हे. त्यामुळे केवळ त्याच्या जोरावर नियम रद्द होणार नाही. तरी तक्रारीत एक ओळ जरूर टाका, आणि तिची प्रत राज्यघटनेच्या कलम ३५०-ब खाली नेमलेल्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवा. त्यांचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात.

नियम कायद्याशेजारी ठेवून वाचा

प्रत्येक अधिसूचनेच्या सुरुवातीला एक रटाळ वाक्य असते : "अमुक कायद्याच्या अमुक कलमाने दिलेल्या अधिकारांचा वापर करून…" बहुतेक लोक ते ओलांडून पुढे जातात. तुम्ही तिथेच थांबा. ते कलम उघडा आणि त्याने खात्याला नेमके काय ठरवायला सांगितले आहे ते पेन्सिलीने अधोरेखित करा. मग नियमातली तुम्हाला नडणारी ओळ त्याच्या शेजारी ठेवा.

लोकसभेच्या अधीनस्थ विधान समितीने, म्हणजे नियम तपासणाऱ्या समितीने, काय तपासायचे, हे सभागृहाच्या कार्यपद्धतीच्या नियम ३२० मध्ये लिहिलेले आहे. त्याच फूटपट्टीने आपणही मोजावे. नियम राज्यघटनेच्या आणि मूळ कायद्याच्या उद्देशाशी जुळतो का? खरे तर कायद्यातच असायला हवी अशी गोष्ट नियमात घातली आहे का? कर लावला आहे का? कोर्टात जाण्याची वाट बंद केली आहे का? कायद्याने परवानगी दिलेली नसताना मागील तारखेपासून लागू केला आहे का? मिळालेल्या अधिकाराचा वापर भलत्याच, अनपेक्षित रीतीने झाला आहे का? छापायला किंवा सभागृहापुढे ठेवायला विनाकारण उशीर झाला आहे का? मजकूर संदिग्ध आहे का? कल्याणकारी योजनांच्या तक्रारी बहुतेक पहिल्या, दुसऱ्या किंवा संदिग्धतेच्या मुद्द्यात बसतात. सगळे मुद्दे ओढूनताणून भरू नका, लागू पडेल तो एकच घट्ट धरा.

मागील तारखेचा मुद्दा मात्र सोपा आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. केंद्राचा नियम मागील तारखेपासून लागू करायचा असेल तर सोबत स्पष्टीकरणात्मक ज्ञापन जोडून, त्यामुळे कोणाचेही नुकसान होत नाही, असे खाते लिहून देते. तुमचा लाभ त्यामुळे बुडाला असेल तर ते प्रमाणपत्रच खोटे ठरते. यापेक्षा चांगला मुद्दा मिळणे कठीण.

नियम कायद्यापेक्षा तोकडा कसा पडतो याचा धडा अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात आहे. इमारती, वाहने, सेवा सगळ्यांना वापरता आल्याच पाहिजेत आणि त्यासाठी केंद्राने मानके ठरवणारे नियम करावेत, असे कायदा सांगतो. २०१७ च्या नियमांतील नियम १५ ने मात्र वेगवेगळ्या मार्गदर्शक पुस्तिकांकडे बोट दाखवले. पाळल्या तर पाळल्या, अशी त्यांची भाषा. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक मानके वेगळी काढण्यासाठी सरकारला तीन महिने दिले. कायदा "करावेच लागेल" म्हणतो आणि नियम "करता येईल" म्हणतो, ही विसंगती वाचताना डोळ्यांत तेल घालून शोधा. मुद्दा हाती लागतो तो बहुतेक वेळा अशा क्रियापदातच.

उशिराचे उदाहरण आपल्या दाराशी आहे. निपाणीच्या विडी कामगार महिलांसह असंघटित कामगारांना लागू होणारी सामाजिक सुरक्षा संहिता संसदेने २०२० मध्ये मंजूर केली. ती अमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. कायदा लागू झाल्यापासून सहा महिन्यांत नियम तयार व्हावेत, अशी संसदीय समित्यांची जुनी अपेक्षा आहे. पण कायदाच लागू केला नाही तर ते घड्याळ सुरूच होत नाही. ही पळवाट आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि समितीला लिहिताना हे स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

सभागृहापुढे ठेवला का, ते तपासा

केंद्रीय कायद्यांत एक ठरावीक कलम असते. नियम केल्यावर शक्य तितक्या लवकर दोन्ही सभागृहांपुढे, अधिवेशन चालू असताना एकूण ३० दिवस ठेवायचा; हे दिवस एका अधिवेशनात भरले नाहीत तर पुढच्या अधिवेशनात मोजायचे. त्याच्या लगतच्या अधिवेशनाच्या अखेरीपर्यंत दोन्ही सभागृहांचे एकमत झाले तर नियम बदलतो किंवा रद्द होतो. अन्नसुरक्षा कायद्याचे कलम ३९ असेच आहे. कलम ४० मात्र राज्याचे कागद विधिमंडळापुढे ठेवायला सांगते आणि तिथेच थांबते. बदलाचा किंवा रद्द करण्याचा उल्लेख त्यात नाही. त्यामुळे आपल्या कायद्यातले शेवटचे एक-दोन पान वाचल्याशिवाय "सभागृह हे रद्द करू शकते" असे अर्जात लिहू नका.

संसदेत काय, कधी ठेवले याच्या याद्या दोन्ही सभागृहांच्या संकेतस्थळांवर असतात; दिवसाच्या कामकाजपत्रिकेतही "सभापटलावर ठेवायची कागदपत्रे" हा भाग असतो. राज्याच्या बाबतीत शोधाशोध जास्त करावी लागते, म्हणून माहिती अधिकार बरा. पण तिथे आपल्या लोकांसाठी दोन खाचखळगे आहेत. पहिला, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत असावा लागतो. कर्नाटकात ती कन्नड. मराठी अर्ज या कारणावर परत येऊ शकतो. दुसरा, कर्नाटकाच्या माहिती अधिकार नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दच. मूळ कायद्यात शब्दांची अशी मर्यादा नाही, ती राज्याच्या नियमाने आणली. या लेखाच्या विषयाला याहून चपखल उदाहरण शोधूनही सापडले नसते.

अर्जातला मजकूर एवढाच पुरे, तो कन्नडमध्ये करून घ्या : "राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ च्या कलम १० खाली प्राधान्य कुटुंबे ठरवण्यासाठी राज्य शासनाने काढलेली सध्या लागू असलेली मार्गदर्शक तत्त्वे, ती कलम ४०(३) नुसार विधानसभा आणि विधान परिषदेपुढे ठेवल्याच्या तारखा, आणि ठेवली नसल्यास तशी नोंद असलेल्या कागदाची प्रत द्यावी." शुल्क १० रुपये, बीपीएल धारकाला माफ, पण कार्डाची प्रत जोडावी लागते. मुदत ३० दिवस. एक अर्ज बेंगळुरूच्या अन्न खात्याकडे आणि वेगळा अर्ज विधानसभा सचिवालयाकडे. दोन उत्तरांत फरक पडला तर तो फरकच तुमचा मुद्दा.

"ठेवलाच नव्हता" असे उत्तर आले म्हणून हुरळून जाऊ नका. अॅटलस सायकल विरुद्ध हरियाणा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, सभागृहापुढे ठेवले नाही एवढ्यावर तो आदेश रद्दबातल होत नाही, असे ठरवले आहे. समितीसाठी मात्र ही चूक गंभीर असते आणि खात्याला तिचे लेखी स्पष्टीकरण द्यावे लागते. नियम छापलाच नसेल तर गोष्ट वेगळी. लोकांना कळेल अशा रीतीने प्रसिद्ध न केलेला नियम लागू करता येत नाही, हे तत्त्व आपल्याच राज्यातून गेलेल्या बी. के. श्रीनिवासन प्रकरणात, १९८७ मध्ये, पक्के झाले.

मसुदा असतानाच गाठता आला तर

अनेक कायद्यांत नियम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवण्याची अट असते. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसारही मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो. मसुद्यावरची एक पानाची हरकत पुढच्या दहा अर्जांपेक्षा जास्त काम करते, कारण खात्याला ती विचारात घ्यावी लागते आणि नंतर समितीपुढे "आम्ही आधीच सांगितले होते" हे दाखवता येते. पोहोच सांभाळून ठेवा.

समितीला पत्र

केंद्राचा नियम असेल तर लोकसभेची किंवा राज्यसभेची अधीनस्थ विधान समिती. दोन्हींत १५-१५ सदस्य, आणि लोकसभेच्या समितीवर मंत्र्याला बसता येत नाही. लोकसभेची समिती १९५३ पासून आहे. राज्याचा नियम असेल तर कर्नाटक विधानसभेची किंवा परिषदेची समिती. कन्नडमध्ये तिला "अधीन शासन रचना समिती" म्हणतात, पाकिटावर तेच नाव घाला.

राज्यघटनेचे कलम ३५० कोणत्याही अधिकाऱ्याला किंवा प्राधिकरणाला, केंद्रात अथवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क देते. म्हणजे निवेदन मराठीत चालते. व्यवहाराचा सल्ला मात्र असा की मराठी पत्रासोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. हक्क आपल्या जागी, पण तुमचे पत्र वाचणाऱ्या समिती अधिकाऱ्याला ते त्याच दिवशी समजले तर फायदा तुमचाच. लोकसभेकडे औपचारिक याचिका द्यायची असेल तर मात्र हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सक्तीचे आहे.

पत्राचा सांगाडा असा ठेवावा :

"मा. अध्यक्ष, अधीन शासन रचना समिती, कर्नाटक विधानसभा, विधानसौध, बेंगळुरू.

विषय : (अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक) मधील खंड (क्रमांक) तपासण्याबाबत.

महोदय, मी खानापूर तालुक्यातील (गाव) येथील रहिवासी आहे. वरील अधिसूचना (कायद्याचे नाव व वर्ष) च्या कलम (क्रमांक) खाली काढलेली आहे. कलमाचे शब्द असे : … खंडाचे शब्द असे : … कलमात नसलेली पुढील अट या खंडाने घातली आहे : … तिचा परिणाम असा : … (दोन-तीन उदाहरणे, कागदांसह). अधिसूचना सभागृहापुढे ठेवल्याची तारीख माहिती अधिकारातील उत्तरानुसार … / ठेवल्याची नोंद नाही. समितीने हा खंड तपासावा, खात्याकडून खुलासा मागवावा आणि खंडाचे शब्द पुढीलप्रमाणे बदलण्याची शिफारस करावी : …"

शेवटची ओळ गाळू नका. "न्याय द्यावा" असे लिहिणारी पत्रे पोत्याने येतात. पर्यायी शब्द लिहून देणारे पत्र समितीच्या कामाचे असते, कारण तिच्या अहवालातही अखेर शब्दच बदलायला सांगितलेले असतात. उदाहरणे देताना लोकांची संमती घ्या आणि आधार क्रमांक काळ्या शाईने झाका. अधिकाऱ्याचे नाव, त्याची जात-भाषा, मागच्या निवडणुकीतला राग यातले काही आत येऊ देऊ नका. सीमाप्रश्नाचा इतिहासही नको. तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे, पण या समितीपुढे त्याने मुद्दा पातळ होतो. आणि त्याच विषयावर कोर्टात दावा चालू असेल तर तसे स्पष्ट लिहा.

समितीची शिफारस खात्यावर बंधनकारक नसते. मात्र खात्याने काय कार्यवाही केली हे कळवायचे असते, आणि समिती त्यावर पुन्हा अहवाल देते. प्रत्येक पत्राची तपासणी होईलच अशी हमी नाही. म्हणून पुढची पायरी सोबतच चालवावी.

आमदार, खासदार आणि डिसेंबर

आपला खासदार कोण, यात आपल्याकडे हमखास गोंधळ होतो. जिल्हा एक असला तरी खानापूर आणि कित्तूर हे विधानसभा मतदारसंघ उत्तर कन्नड लोकसभेत आहेत. निपाणी आणि यमकनमर्डी चिक्कोडीत. बेळगाव शहर आणि ग्रामीण बेळगाव लोकसभेत. खानापूरच्या माणसाने केंद्राच्या नियमाबद्दल बेळगावच्या खासदाराला निवेदन देऊन फोटो काढला तर फोटो चांगला येईल, एवढेच. राज्याच्या नियमासाठी आमदार आहेतच, शिवाय पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून निवडून गेलेले विधान परिषद सदस्यही आहेत, ज्यांच्याकडे गर्दी कमी असते.

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरते. बेंगळुरूचे तिकीट न काढता खात्याचे सचिव, मंत्री आणि समिती सदस्य त्या दिवसांत हलग्याच्या माळावर असतात. आपण तिथे मंडप घालून घोषणा देतो. ते जरूर करा. पण प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते. लोकसभेत किमान १५ दिवस आधी. म्हणून आमदाराच्या हातात तयार प्रश्न नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच पडला पाहिजे : "अमुक मार्गदर्शक तत्त्वे कलम ४०(३) नुसार सभागृहापुढे कधी ठेवली? नसल्यास कारण काय आणि कधी ठेवणार?" तीन ओळी, संदर्भासह.

"कधी ठेवणार" या दोन शब्दांत खरी मेख आहे. मंत्री "पुढच्या अधिवेशनात ठेवू" म्हणाले की ते सभागृहातले आश्वासन ठरते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. राज्यसभेत मे २०१२ मध्ये खासदार पी. राजीव यांनी २०११ चे माहिती तंत्रज्ञान मध्यस्थ नियम (इंटरनेट सेवा आणि संकेतस्थळे चालवणाऱ्यांसाठीचे) रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला होता. तो फेटाळला गेला, पण चर्चेत मंत्री कपिल सिब्बल यांना सर्व संबंधितांशी बोलण्याचे आश्वासन द्यावे लागले. आपल्याकडे प्रस्ताव मंजूर होऊन नियम पडणे दुर्मीळ. आश्वासन पदरात पाडून घेणे जास्त शक्य. ब्रिटनमध्ये चित्र थोडे वेगळे दिसते. तिथल्या काही नियमांना आधी सभागृहाची संमती लागते. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सने कमी पगाराच्या कुटुंबांना मिळणाऱ्या करसवलतींत कपात करणारे नियम रोखून धरले आणि महिनाभरात अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी ती कपात मागे घेतली. आपल्या बहुतेक कल्याणकारी कायद्यांत अशी आधीच्या संमतीची अट नाही. नियम आधी लागू होतो, मग पटलावर येतो.

कोर्ट कधी

सभागृहाने नियम पुढे रद्द केला तरी त्याआधी त्याखाली झालेल्या गोष्टी वैध राहतात, असे नियम सभागृहापुढे ठेवायला सांगणाऱ्या त्याच ठरावीक कलमात लिहिलेले असते. म्हणजे तुमचे आधीच बंद झालेले धान्य समितीच्या शिफारशीने आपोआप परत येणार नाही. वैयक्तिक नुकसानीसाठी अन्नसुरक्षा कायद्याखालील जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यांच्या वर राज्य अन्न आयोग यांच्याकडे वेगळा अर्ज समांतर चालू ठेवा, मुदती चुकवू नका. नियमच कायद्याबाहेर असेल तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका करता येते. बेळगाव जिल्हा त्याच खंडपीठाखाली येतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि महिलांना त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. वकिलाकडे जाताना नामंजुरीचे पत्र, राजपत्राची प्रत, माहिती अधिकाराची दोन्ही उत्तरे आणि समितीला पाठवलेल्या पत्राची रजिस्टर पोस्टाची पावती तारखेनुसार लावून न्या.